हायरमबुवांचा फिरता षड्ज

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. बी.एस्सी., फिजिक्स, सेकंड क्लास. हे मी आजही कुणी न विचारता सांगते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. ज्यांच्या घरी तीन-तीन पिढ्या वकील-डॉक्टर झाले त्यांनी खुशाल संकोच करावा. माझे आण्णा चौथी शिकलेले, आई अंगठा उठवणारी. मिरजेत आमचं पेटीदुरुस्तीचं दुकान होतं, जेमतेम दोन माणसं मांडी घालून बसतील एवढं. निकाल लागला त्या दिवशी आण्णांनी दुकानाच्या फळीवर खडूने ‘मुलगी बी.एस्सी. झाली’ असं लिहिलं आणि ते पुसट होईल तसं पुन्हा गिरवत राहिले. आणि त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली कानस काढून घेतली. सात-आठ वर्षांची असल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसून पेटीचे सूर घासत आले होते. सूर म्हणजे पितळेची ती छोटी जीभ, जिच्यातून हवा गेली की आवाज निघतो. टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाकडे घासली की उतरतो. एवढीच विद्या, पण ती कानात असावी लागते. “आता पुरं,” आण्णा म्हणाले. “शिकलीस न्हवं? आता पितळेनं बोटं हिरवी करायची न्हाईत.” मग लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत मी अविनाशबरोबर जपानात, टोकियोशेजारी ग्योतोकूला.

ग्योतोकूचं आमचं घर तोझाई लाइनच्या उंच रुळांपासून दोन गल्ल्या आत, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, एकीत तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया. गाडी गेली की फडताळातल्या स्टीलच्या वाट्या किणकिणायच्या, आणि कुठल्या दिशेची गाडी गेली हे मला त्या किणकिणीवरून कळायला लागलं होतं. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यातून सबंध वस्तीत एक संथ धून वाजायची, मुलांनी खेळ आटोपून घरी जावं म्हणून. पहिल्याच आठवड्यात मी अविनाशला सांगितलं की ही धून शेवटी शेवटी उतरते. तो तोयोसूच्या ऑफिसातून येऊन मोजे काढत होता. “नगरपालिकेला कळव,” म्हणाला. तो पुण्याचा.

आईने बांधून दिलेलं ज्वारीचं पीठ दोन महिन्यांत संपलं. मग तिथल्या चिकट तांदळाच्या पिठाची उकड काढून भाकरी. ती थापायची नाही, समजूत घालत पसरायची. कोथिंबीर बाल्कनीत थर्माकोलच्या खोक्यात. पण काबोचा नावाचा जो हिरव्या सालीचा भोपळा तिथे मिळायचा, तसा भोपळा मी मिरजेत कधी खाल्ला नाही. काळी साखर घालून त्याचे घारगे केले तर अविनाश तव्याशेजारी उभा राहून खायचा. सकाळ जायची कचऱ्यात: जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या गुरुवारी. हे मला शिकवलं तळमजल्यावरच्या मंगलताईंनी. ठाण्याच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, जपानात पाचवं वर्ष. माझी पिशवी कचऱ्यावर कावळ्यांच्या भीतीने टाकलेल्या जाळीखालून परत आणून त्यांनी माझ्या दारात ठेवली होती. “बी.एस्सी. झालीस ना गं,” म्हणाल्या. “मग दह्याचं डबडं जळतं की नाही, हे कुठल्या वर्षाला असतं?”

मंगलताईंनीच मला ओबा-सेन्सेईंकडे नेलं. ओबा-सेन्सेई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या शिक्षिका. सत्तरीच्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, एकट्या राहायच्या. दोन उंच इमारतींच्या मधे त्यांचं एक बैठं घर चिमटीत धरल्यासारखं उरलं होतं. त्या आम्हा परदेशी बायकांना जपानी शिकवायच्या, आणि त्यांना इंग्रजी वाचून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. “ही वाचेल,” मंगलताईंनी मला विचारायच्या आधीच सांगून टाकलं. “ही शिकलेली आहे.” मला ते फार आवडलं.

वाचायचं होतं एक पिवळं पडलेलं पातळ पुस्तक, आणि ते ज्याबरोबर आलं होतं ती वस्तू सेन्सेईंच्या बैठकीत भिंतीला टेकून उभी होती. मी दारातच थबकले. पायपेटी. पण नक्षीदार, छातीएवढी उंच, खाली दोन पाय मारायचे पेडल, पट्ट्यांच्या वर ओळीने लाकडी खुंट्या. मिरजेत एका नाटक कंपनीचा असाच ऑर्गन आण्णांकडे दुरुस्तीला आला होता, तो उघडून आम्ही आठ दिवस खेळलो होतो. आपली हातपेटी हवा बाहेर फुंकते, हा ऑर्गन हवा आत ओढतो. एवढं सोडलं तर सोयरेच. सेन्सेईंच्या आजोबांच्या वेळी एक अमेरिकन मडम तो बोटीतून घेऊन आली होती आणि जाताना शाळेला देऊन गेली. शाळेने टाकला तेव्हा सेन्सेईंनी घरी आणला. पुस्तक त्याच्या आतल्या खणात सापडलं होतं: ज्याच्या रचना ती मडम वाजवायची, त्या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन ऑर्गनवादकाचं चरित्र. सेन्सेई आयुष्यभर त्याचं वाजवत आल्या होत्या, पण तो माणूस कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. नाव हायरम. आडनाव इतकं लांब की सेन्सेईंच्या तोंडात त्याचे सात तुकडे व्हायचे. मी घरी त्याला हायरमबुवा म्हणायला लागले, आणि अविनाश रोज विचारायचा, “आज बुवा कुठवर आले?”

आठवड्यातून दोन दुपारी आम्ही बुवांना पुढे नेत असू. मी एक परिच्छेद इंग्रजीत वाचायची, शब्दकोश उघडायची, मग माझ्या तुटक्या जपानीत आणि हातवाऱ्यांनी सांगायची. बुवांचे वडील घोड्यांचे खोगीर शिवणारे. घरात कुणाला अक्षर वाचता येत नव्हतं, मग सुरांची लिपी तर दूरच. गावच्या चर्चला ऑर्गन आला तेव्हा अर्ध्या गावाने ही शिट्ट्यांची पेटी देवाच्या घरात नको म्हणून भांडण काढलं होतं. पोराचे पाय पेडलपर्यंत पोचेनात, तर बापाने त्याच्या बुटांच्या तळाला लाकडी ठोकळे ठोकून दिले. इथे मी उठून, दोन पायांखाली उश्या धरून, सेन्सेईंच्या बैठकीत चालून दाखवलं. मग सेन्सेईही उश्या घेऊन चालल्या. सत्तरीच्या बाई. आम्ही इतक्या हसलो की चहा सांडला.

पुढे बुवा बोटीने जर्मनीला शिकायला गेले, बरोबर सफरचंदांचं एक पिंप. समुद्रात अर्धी सफरचंदं सडली, उरलेल्या अर्ध्यांवर म्हणे त्यांनी पहिला महिना काढला. परत आले ते मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये वादक म्हणून. लोक त्यांचे पाय बघायला जिन्यावर गर्दी करत, इतके जलद ते मोठ्या ऑर्गनच्या पायांखालच्या पट्ट्या वाजवत. प्रार्थना संपल्यावर बुवा जे वाजवत ते इतकं लांबे की माणसं घरी जाईनात, आणि पाद्र्याची मेजवानी गार होई. पाद्री आणि बुवा यांचं भांडण पुस्तकात दोन पानं होतं, मी ते चार दुपारी पुरवलं. सेन्सेई अगदी बुवांच्या बाजूच्या. बुवांनी काही चांगलं केलं की त्या पुस्तकाकडे बघून किंचित वाकायच्या, आणि पाद्री आला की खारी बिस्किटं जोरात चावायच्या. मला तर पाद्री म्हणजे आमच्या गल्लीतल्या देवळाचे पंच डोळ्यांसमोर दिसायचे, टोपीसकट. या बुवांनी मोठ्या ऑर्गनसाठी डोंगराएवढ्या रचना केल्या, पण म्हातारपणी त्यांना वाटलं की शेतावरच्या मुलींनाही वाजवायला काही हवं, म्हणून घरच्या पायपेटीसाठी बारा लहान रचना लिहिल्या. सेन्सेई वाजवायच्या त्या ह्या बारा.

वाजवायच्या म्हणजे, पूर्वी. माझ्या वेळेला ऑर्गन अर्धा मुका झाला होता. काही पट्ट्या दाबल्या की नुसती फुस्स, काही पट्ट्यांतून वासराचा आवाज. आणि दिवस थोडे होते. सेन्सेईंचा मुलगा शेजारच्या उरायासूला राहायचा, त्यांना वसंत ऋतूत त्याच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं, आणि त्या फ्लॅटमध्ये ऑर्गनला जागा नव्हती. वस्तीच्या मंडळाच्या अध्यक्षांना सगळे काइचो-सान म्हणत. निवृत्त स्टेशनमास्तर, कमी बोलणारे. ते म्हणाले होते की तीन आठवड्यांनी रविवारी सभागृहात सेन्सेईंचा कार्यक्रम आहे, त्यात ऑर्गन नीट वाजला तर मंडळ तिथेच जागा करून तो ठेवून घेईल. नाही वाजला तर मोठ्या कचऱ्यात. टोकियोहून बघायला आलेल्या कारागिराने मान हलवली होती. मोठी वस्तू टाकताना पैसे भरून तिच्यावर स्टिकर लावावं लागतं, ते सेन्सेईंनी आणूनही ठेवलं होतं, फोनच्या वहीत. कार्यक्रमासाठी त्या एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड मागणार होत्या. हे सगळं त्यांनी मला हवामानाबद्दल बोलावं तसं सांगितलं आणि घारग्याचा तुकडा तोडला.

मी म्हटलं, “मी करते.”

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या देशात मी तोवर जे काही होते ते कुणाचीतरी कोण म्हणून होते. बँकेत, वॉर्ड ऑफिसात, डॉक्टरकडे, सगळीकडे अविनाशच्या नावापुढे मी. आणि इथे समोर एक खोकं उघडं पडलं होतं, ज्याच्या आतलं मला या सबंध ग्योतोकूत सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. मला हसूच यायला लागलं. “शाइरा-सान?” सेन्सेईंनी विचारलं, कारण माझं शैला त्यांना जमत नसे. “तुम्ही फिजिक्स शिकलात ना?” मी म्हटलं, “हो. आणि माझे वडील हेच करतात.” हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. अविनाशच्या घरच्यांसाठी आमचं ‘वाद्यांचं दुकान’ होतं, आणि मीही ते तसंच राहू दिलं होतं.

अविनाशला सांगितलं तेव्हा त्याने जेवता जेवता हात थांबवला. मला वाटलं, आता काही बोलेल. “कानस केवढी लागेल?” त्याने विचारलं, आणि शनिवारी आम्ही दोघं हत्यारांच्या दुकानात जाऊन सहा बारीक कानशी घेऊन आलो. सूर ओढून काढायचा आकडा मी एका जुन्या पळीच्या दांड्याला खाच पाडून केला. मंगलताईंनी तो बघून विचारलं, “ही पळी तुझ्या रुखवतातली ना?” आणि दुसऱ्या दिवसापासून सूर पुसायला त्याही यायला लागल्या. एका पट्टीमागे दोन, असे सगळे मिळून सव्वाशेच्या आसपास सूर होते, दोन रांगांत: पुढची रांग एक खुंटी बाहेर ओढली की वाजायची, मागची दुसरी ओढली की; आत ढकलली की रांग बंद. मी एकेक सूर काढायची, मंगलताई पुसायच्या, सेन्सेई कागदावर नंबर घालून ओळीने मांडायच्या. एका सुरात शंभर वर्षांपूर्वीची माशी निघाली. मंगलताई म्हणाल्या, “अमेरिकन आहे गं, पाय बघ केवढे.” दोन आठवडे आमचं हे चाललं. मी इतक्या आनंदात होते की घरी येऊन पोळ्या लाटताना लाटण्याचा सूर लावत असे.

आणि सूर लावले ते आण्णांनी शिकवले तसे. पांढरी एक, म्हणजे सप्तकाची पहिली पांढरी पट्टी, हा षड्ज धरायचा, तो आणि पंचम यांच्यावर वजनं ठेवून सतत वाजते ठेवायचे, तंबोऱ्यासारखे, आणि त्यांच्या आवाजात बाकीचा एकेक सूर असा मिसळायचा की तो वेगळा ऐकूच येऊ नये. भजनी बुवांच्या पेट्या आण्णा अशाच लावत. गायकाचा षड्ज ठरलेला, पेटी त्याच्या गळ्याला लावायची. विशेषतः गांधार. बाजारच्या पेटीचा गांधार चढा असतो, आण्णांचा गांधार केसभर खाली येऊन षड्जाच्या मांडीवर बसायचा. मी तसाच बसवला. दोन्ही रांगांत.

शुक्रवारी सकाळी काम संपलं. सेन्सेईंनी स्टुलावर बसून आधी बुवांची पहिली रचना वाजवली, अगदी साधी, पांढरी एकमधली, प्रार्थनेसारखी. मी माझ्या कामाबद्दल बोलतेय म्हणून नाही, पण तसा आवाज मी त्यानंतर ऐकलेला नाही. सूर हलत नव्हते. दुधावर साय धरावी तसे एकात एक उभे होते. मंगलताईंनी पदर तोंडाला लावला. सेन्सेई वाजवता वाजवता पट्ट्यांकडे बघत राहिल्या, जणू बोटं दुसऱ्या कुणाची आहेत. मग मागे वळून म्हणाल्या, “पन्नास वर्षं वाजवतेय. हा कोण आहे?” मला तर उडी मारावीशी वाटत होती, आणि मी तातामीवर खरंच एक मारली.

मग त्यांनी बारावी रचना काढली. रविवारचा शेवट तिने व्हायचा होता. सुरुवात तीच, पांढरी एक, तीच साय. सोळा-सतरा ओळी गेल्या, आणि मग हायरमबुवांनी असं काही केलं की जे मिरजेत कुणी करत नाही. त्यांनी मधेच षड्ज उचलला आणि पांढरी तीनवर नेऊन ठेवला. गाणं तेच, पण घर बदललं. आणि त्या नव्या घरात माझे सगळे सूर परके. ऑर्गनने जो आवाज काढला तो आमच्या मागच्या गल्लीत पत्र्यात शेपूट अडकलेल्या मांजराचा होता. मंगलताई हसल्या, मग माझ्याकडे बघून थांबल्या. सेन्सेईंनी हात उचलले. पुन्हा वाजवलं. पुन्हा मांजर.

“इथे पूर्वी असं व्हायचं नाही,” सेन्सेई हळू म्हणाल्या. मग लगेच म्हणाल्या, “पण पहिली रचना फार सुंदर झाली, शाइरा-सान. फार कष्ट घेतलेत.” त्यांनी मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. मध्ये उरला होता शनिवार. मला तिथल्या तिथे सांगता आलं असतं की लाकूड जुनं आहे, हवा दमट आहे, आणि सेन्सेईंनी ते मानलं असतं. मी सांगितलं, “चूक माझी आहे. का झाली ते मला माहीत नाही.” जपानीत हे वाक्य लहान होतं आणि मराठीपेक्षा सोपं गेलं.

स्टेशनसमोरच्या परदेशी फोनच्या हिरव्या डब्यातून मी मिरजेला फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या औषधाच्या दुकानात होता. तिथून कुणीतरी आण्णांना हाक मारली, त्यांच्या चपलांचा आवाज मला जपानात ऐकू आला. मी एका दमात सगळं सांगितलं.  कानस पुन्हा धरली म्हणून आण्णा आता रागावणार, असं वाटून मी डोळे मिटून घेतले.

“कानस कुठली वापरलीस?” आण्णांनी विचारलं.

“जपानी आहे. बारीक दाताची.”

“घेऊन ये येताना एक.” मग ते हसायला लागले. आण्णा फार कमी हसत, पण हसले की खोकल्यापर्यंत. “साहेबाच्या पेटीला भजनी गांधार लावलास व्हय गं. अगं, साहेबाचा षड्ज फिरता असतो. त्याला सगळ्या घरांत जायचं असतं, म्हणून त्यो कुठलाच सूर पुरता खरा लावत न्हाई, समद्यांना थोडं थोडं खोटं ठेवतो.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मिशनच्या चर्चची पेटी मीच बिघडवली होती, तू व्हायच्या आधी. मडमबाई रडायची राहिली. ऐक. पंचमापंचमानं जायचं, आणि दर पंचम केसभर उतरवायचा. केसभरच.”

“केस म्हणजे किती, आण्णा?”

“आता ते मी काय सांगू? मी घासून दाखवलं असतं. तू शिकलीयस ना, तुझं तू मोज.”

फोनचं कार्ड संपलं. मी त्या डब्यातच उभी राहिले, आणि बाहेर एक गृहस्थ रांगेत ताटकळत असताना मला कॉलेजचं दुसरं वर्ष आठवलं: दोन जवळजवळ सारखे सूर एकत्र वाजले की आवाज लहान-मोठा होत लाटा उठतात, आणि लाटा मोजता येतात. परीक्षेत मी त्यावर गणित सोडवलं होतं आणि दुकानात त्याच लाटा कानाने मारल्या होत्या, पण या दोन गोष्टी एकच आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मी हसत सुटले. त्या गृहस्थांनी मला वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या फोनकडे गेले.

शनिवारी सकाळी वहीवर गणित मांडलं. मधल्या सप्तकात षड्ज-पंचमामध्ये सेकंदाला साधारण एक लाट हवी होती, थोडी कमीच. अविनाशला सुट्टी होती. तो घड्याळ घेऊन बसला, मी सूर घासायची आणि दोघं मिळून मोजायचो. “एक… एक… अजून जलद आहे.” “तू गप्प बस, माझ्या कानात बोलतोयस.” पण दोन्ही रांगा एका दिवसात होणं शक्य नव्हतं, आणि काही सूर आधीच इतके घासले होते की अजून घासले तर तुटले असते. दुपारपर्यंत पुढच्या रांगेतले निम्मे झाले तेव्हा मी सेन्सेईंना म्हटलं, “मागची रांग आहे तशी राहू दे. पांढरी एक असेल तेव्हा तीच वाजवा, ती साय पुढच्या रांगेत येणार नाही. बुवा घर बदलतील तेव्हा पुढची.” सेन्सेईंनी दोन्ही हात वर करून दाखवले. “माझे दोन्ही हात अडकलेले असतात,” म्हणाल्या. “खुंट्या कोण ओढणार?” “मी,” म्हटलं. मला पाश्चात्त्य सुरलिपी येत नव्हती, अजून येत नाही. पण ते लिहिलेलं वाचायची गरजच नव्हती. षड्ज हलला की मला कळतं. ते झोपेतही कळतं.

(परवा माझ्या मुलीला हे सांगत होते. पुढे आम्हीही उरायासूला गेलो, ती तिथेच वाढली, मी मराठीत बोलते आणि ती जपानीत उत्तर देते. म्हणाली, पण आई, एका क्षणात दोन खुंट्या? एक आत, एक बाहेर, चुकली असतीस तर? मी म्हटलं, ऐक तर.)

रविवारी दुपारी सभागृहात चाळीसेक माणसं होती. ऑर्गन सहा जणांनी गाडीवर घालून आणला होता. काइचो-सान पहिल्या रांगेत, गुडघ्यावर हात ठेवून, गाडी वेळेवर येते का बघावं तसे बसलेले. मी रचनांच्या मधे मधे बुवांचं चरित्र सांगितलं, पाठ केलेल्या जपानीत. ठोकळ्यांच्या बुटांपाशी पहिली खसखस झाली, पाद्र्याची मेजवानी गार झाली तेव्हा मागच्या रांगेतल्या आज्या एकमेकींवर रेलल्या. शेवटच्या परिच्छेदात बुवा एका रविवारी प्रार्थनेनंतर नेहमीसारखं लांब वाजवून घरी चालत गेले, बायकोकडे सूप मागितलं आणि ते यायच्या आत खुर्चीतच गेले. हे मी सांगितलं तेव्हा सेन्सेई पुस्तकाकडे बघून वाकल्या, आणि काय झालं कुणास ठाऊक, सगळं सभागृह वाकलं.

मग बारावी रचना. मी ऑर्गनच्या कडेला उभी, दोन्ही हात दोन खुंट्यांवर. मागची रांग वाजत होती, ती साय धरलेली. मी काइचो-सानांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि त्यांच्याकडेच बघत होते. ओळी सरत आल्या. पायाखालची सतरंजी कुणी हळूच ओढावी तसा षड्ज सरकल्याचं मला जाणवलं, आणि त्याच क्षणी डावा हात आत, उजवा बाहेर. ऑर्गन नव्या घरात शिरला, चपला काढून, कुणाला न धक्का लावता. मांजर नाही. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, एकाच्याही नाही. ते लक्षात न येणं बघून मला आतून असं हसू फुटलं की मी ओठ चावून धरले. सेन्सेईंचे खांदे हलत होते. त्याही हसत होत्या. आता एकदाच परत यायचं होतं, पांढरी एकवर, आणि संपलं.

आले परत. मी मागची रांग ओढली, आणि हसू दाबण्याच्या नादात पुढची आत ढकलायची विसरले.

दोन्ही रांगा एकदम वाजल्या. एक आण्णांच्या गांधाराची, एक घड्याळावर मोजलेली, दोन्हींत केसाचं अंतर, आणि त्या अंतरातून लाटा उठल्या. मांजराच्या नव्हेत. रुंद, सावकाश, साऱ्या लाकडातून चालत जाणाऱ्या लाटा, सभागृहाच्या काचा ज्यांच्याबरोबर श्वास घेत होत्या. माझा हात घाईने खुंटीकडे गेला. सेन्सेईंनी पट्ट्यांवरून नजर न काढता मान हलवली: नको. मी हात मागे घेतला. शेवटच्या सुरावर बुवांनी किती वेळ थांबायला सांगितलं होतं मला माहीत नाही, सेन्सेई त्याच्या तिप्पट थांबल्या. त्यांचे दोन छोटे पाय पेडल मारत राहिले, आणि डोळ्यांतून पाणी काढत आम्ही दोघी आवाज न करता हसत राहिलो. अखेर त्यांनी बोटं उचलली. लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा काइचो-सान जागेवरून उठून पुढे आले होते. त्यांनी कोटाच्या खिशातून गुंडाळी होणारी मोजपट्टी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, ऑर्गनच्या कडेवर नीट दाबून धरायची खूण केली, आणि दुसरं टोक घेऊन पलीकडच्या कडेकडे चालत गेले.